आधी ऊब, मग सुई

मृगाचा पाऊस सुरू झाला की गगनबावड्यात ऊन दिसेनासं होतं. करूळ आणि भुईबावडा या दोन घाटांतून वर चढलेलं धुकं दिवसचे दिवस वस्तीत मुक्काम ठोकतं, भिंतींना ओल येते, धुतलेले कपडे चुलीच्या धगीवर वाळवावे लागतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारा हा तालुका भाताला, बेडकांना आणि इथल्याच मातीत वाढलेल्या साप-सरड्यांना मानवतो. पण राजस्थान-गुजरातच्या किंवा आंध्र-तामिळनाडूच्या कोरड्या माळावरचं स्टार कासव कुणी हौसेनं, कुणी घराची भरभराट होईल या समजुतीनं अशा हवेत आणून ठेवलं, तर काय होतं?

आधी त्याचं खाणं कमी होतं. मग ते कोपऱ्यात मान आत ओढून बसतं. घरातली माणसं काळजीनं काकडी, टोमॅटो, कलिंगड, दुधात भिजवलेली पोळी पुढं करतात, कारण एवढं तरी ते खातं. काही दिवसांत विष्ठा पातळ होते, तिला आंबूस वास येतो. नाकपुडीशी श्वासाबरोबर एक बारीक बुडबुडा फुगतो आणि फुटतो. मग कुणीतरी मेडिकलमधून माणसाच्या अँटिबायोटिकची गोळी आणतं, तिचा पाव तुकडा पाण्यात विरघळवून ड्रॉपरनं तोंडात सोडतं. कासव आणखी मलूल होतं. त्यावर दुसरी गोळी येते.

या साखळीतली शेवटची कडी, म्हणजे ती गोळी, आपल्याला उपचार वाटते. माझं म्हणणं असं की तिथं उपचार सुरूच झालेला नसतो. पाळलेल्या सरपटणाऱ्या प्राण्याचं पोट बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा आधी त्याची जागा बिघडलेली असते : हवा, ऊन, पाणी, चारा. अँटिबायोटिक जिवाणू मारतं, जागा दुरुस्त करत नाही. उलट त्या प्राण्याला जगवणारे पोटातले जिवाणूही ते सोबत घेऊन जातं. म्हणून अँटिबायोटिक हा उपचाराचा पाया नव्हे. पाया घातल्यावर, खरी गरज असेल तरच, जाणकारानं उचलायचं ते हत्यार आहे.

हे पटायला कासवाच्या पोटात नेमकं काय चालतं ते पाहावं लागेल. गवत-पाल्यातला चोथा पचवणारी रसायनं कासवाकडे स्वतःची नसतात. गाईकडेही नसतात. गाय हे काम पोटाच्या पुढच्या कप्प्यात राहणाऱ्या सूक्ष्म जिवांकडून करून घेते, तर कासव मोठ्या आतड्यात. तिथं अब्जावधी जिवाणू चोथा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात, ती आतड्यातून रक्तात शोषली जातात आणि त्यांवर कासवाची बरीचशी गुजराण चालते. हे काम संथ आहे. खाल्लेला घास बाहेर पडायला अन्न आणि तापमान यांनुसार कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडे लागतात. चोथा भरपूर, साखर थोडी आणि ऊब पुरेशी, या तीन अटींवर हा सगळा कारभार चालतो. कलिंगडाची फोड यातली दुसरी अट मोडते, पावसाळी फरशी तिसरी. दूध-पोळी तर तिन्हींच्या पलीकडचं अन्न आहे, कारण दूध पचवण्याची सोय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात नाहीच.

हे जिवाणू पिल्लाला जन्मतः मिळत नाहीत, ते मिळवावे लागतात. हिरव्या इग्वानावर पनामात काम करणाऱ्या कॅथरीन ट्रॉयर यांनी १९८२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं आधी घरट्याभोवतीची माती खातात, मग मोठ्या इग्वानांजवळ जाऊन त्यांची विष्ठा खातात आणि त्या वाटेनं आंबवणारे जिवाणू एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जातात. आपल्या घरातलं विरजण जसं कालच्या दह्यातूनच आजच्या दुधाला लागतं, तसंच हे. विरजण संपलं तर दूध कितीही चांगलं असो, दही लागत नाही. बाजारातून पेटीत भरून आणलेल्या, आपल्या जातीच्या मोठ्या प्राण्याचं तोंडही न पाहिलेल्या पिल्लाला हे विरजण पुरतं मिळालेलं असेल याची खात्री कोण देणार? जे मिळालं असेल तेही एका अनावश्यक औषधानं धुऊन काढलं, तर ते परत आणून देणारं त्या घरात कुणी नसतं.

मांसाहारी सापांचं पोटही असंच जिवंत आणि बदलतं आहे. बर्मी अजगर महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, त्या काळात त्याचं आतडं आक्रसतं. सावज गिळल्यावर दोन दिवसांच्या आत लहान आतड्याचं वजन दुपटीच्या आसपास जातं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्याच वेळी आतड्यातल्या जिवाणूंची बिरादरीही बदलते. उपाशीपोटी एक गट वरचढ असतो, जेवणानंतर दुसरा. तेव्हा ‘साप काही खात नाही, पोट रिकामं आहे, औषधानं काय बिघडणार’ हा समज निराधार आहे. उपाशी पोटातही वस्ती असते आणि पुढच्या घासाची भिस्त तिच्यावर असते.

आता उबेकडे येतो. सरपटणारे प्राणी शरीराला पुरेशी उष्णता सहसा स्वतः तयार करत नाहीत, बाहेरून घेतात. पचन, रक्ताभिसरण, प्रतिकारशक्ती हे सारं त्या उसन्या उष्णतेवर चालतं. स्टार कासवाला दिवसा तिशीच्या आसपासचं तापमान आणि अंग शेकायला त्याहून उबदार जागा लागते. गगनबावड्याच्या आषाढात घरातली फरशी त्याच्या जवळपासही जात नाही. अशा थंडाव्यात आतडं जवळजवळ थबकतं, आत गेलेलं अन्न आंबण्याऐवजी कुजू लागतं, आणि याच वेळी फुप्फुसांत ओल्या हवेचा संसर्ग शिरतो. पोट आणि छाती एकदम बिघडतात, पण दोन्हींचं मूळ एकच असतं.

उष्णता ही केवळ सोय नव्हे, खुद्द औषध आहे, याचा सुरेख पुरावा अमेरिकेतल्या मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दिला. १९७४ साली त्यांनी दाखवलं की वाळवंटी इग्वानाला जिवाणूंची लागण झाली की तो आपण होऊन नेहमीपेक्षा उबदार जागी जाऊन बसतो. आपल्याला आतून ताप येतो, तो बाहेरून ताप घेतो. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात लागण झालेले सरडे वेगवेगळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा ३४ अंशांत ठेवलेल्यांपेक्षा ४० ते ४२ अंशांत ठेवलेले कितीतरी अधिक जगले. त्यानंतर ताप उतरवणारं औषध देऊन ही ऊब अडवली, तर सरडे दगावले. हा वाळवंटी सरडा आहे, त्याचे आकडे कासवाला लावायचे नाहीत. प्रत्येक जातीची ऊब वेगळी. पण तत्त्व सगळ्यांना लागू आहे. आजारी सरपटणाऱ्या प्राण्याला स्वतःला हवी तिथं जाऊन ऊब घेता आली नाही, तर त्याचं स्वतःचं पहिलं औषधच आपण काढून घेतलेलं असतं.

दिलेलं औषधही उबेवाचून नीट वागत नाही. अमिकासिन या अँटिबायोटिकचा गोफर सापांवर १९८५ साली अभ्यास झाला. २५ अंश आणि ३७ अंश या दोन तापमानांत त्याचं शरीरात पसरणं आणि रक्तातून बाहेर काढलं जाणं वेगवेगळं निघालं. थंड पडलेल्या प्राण्याला दिलेला डोस म्हणजे अंधारात मारलेला दगड. शिवाय अमिकासिन आणि जेंटामायसिन ही औषधं मूत्रपिंडांवर भार टाकतात. अंगातलं पाणी कमी झालेल्या प्राण्याला ती दिली तर मूत्रपिंडं कायमची जायबंदी होऊ शकतात आणि सांध्यांत, अवयवांत यूरिक आम्लाचे खडे साचू शकतात. सस्तन प्राण्यांत सर्रास वापरलं जाणारं, गुरांच्या गोचिडांवर आपल्या गोठ्यात माहीत असलेलं आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरतं, हे १९८३ पासून पशुवैद्यकाला ठाऊक आहे. कुत्र्याला चाललं, शेळीला चाललं, म्हणून कासवाला चालेल असं गृहीत धरणं किती महागात पडतं ते यावरून कळावं.

सर्वात जास्त गल्लत होते ती ‘जंत निघाले’ या निदानावर. कासवाची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली की त्यात वळवळणारे, केसाळ कडांचे एकपेशीय जीव दिसतात, सुईसारखे बारीक जंत आणि त्यांची अंडी दिसतात. पाहणारा दचकतो आणि मेट्रोनिडॅझोल किंवा जंताचं औषध लिहून मोकळा होतो. पण यांतले बरेचसे जीव निरोगी कासवातही असतात, त्याच आंबवण्याच्या वस्तीचे रहिवासी असतात. ते असणं हा आजार नव्हे. ते बेसुमार वाढणं आणि त्याच वेळी प्राणी खंगणं, हा आजार. मेट्रोनिडॅझोल तर नेमकं प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंवर चालतं आणि मोठ्या आतड्यातली आंबवणारी फौज बहुतांशी त्याच जातकुळीची. गरज नसताना ते दिलं की जी फौज अन्न पचवत होती तिच्यावरच आपण हल्ला करतो, आणि वर ‘अजून खात नाही’ म्हणून मुदत वाढवतो.

यावर एक आक्षेप येणार आणि तो वजनदार आहे. सरपटणारे प्राणी आजार शेवटपर्यंत लपवतात. लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी ऊब आणि गवत यांच्या भरवशावर बसलो, तर न्यूमोनिया प्राणी घेऊन जाईल. तोंड सडलेला साप, पू भरून कानाशी गाठ आलेलं कासव, रक्तात संसर्ग उतरलेला सरडा यांना अँटिबायोटिक न देणं हीदेखील क्रूरता आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. सेफ्टाझिडिमसारख्या औषधानं असे असंख्य प्राणी वाचवले आहेत. सापांमध्ये ते शरीरात इतकं रेंगाळतं की तीन दिवसांतून एकदा दिलेलं इंजेक्शनही पुरतं.

पण याच उदाहरणात माझ्या म्हणण्याची पुष्टी आहे. तीन दिवसांचं हे अंतर साप सुमारे ३० अंशांत ठेवून ठरवलेलं आहे, म्हणजे उबेची अट त्या डोसच्या पोटातच बसलेली आहे. इंजेक्शनानं दिलेलं औषध तोंडावाटे दिलेल्या औषधाइतकं थेट आतड्यातल्या वस्तीवर जाऊन पडत नाही, म्हणून पाला खाणाऱ्या कासवाला आणि इग्वानाला तोंडावाटे अँटिबायोटिक देणं जाणकार शक्यतो टाळतात. कोणता जिवाणू आहे हे नमुना वाढवून पाहिलं, तर अचूक औषध निवडता येतं. गंभीर प्राण्यात निकालाची वाट न पाहता सुई द्यावी लागते हे खरं, पण तो नमुना सुई देण्याआधी घ्यायला पाच मिनिटं लागतात. तेव्हा वाद ‘अँटिबायोटिक द्यावं की देऊ नये’ असा नाहीच. वाद क्रमाचा आहे : आधी ऊब आणि पाणी, मग तपासणी, मग औषध, आणि औषध चालू असताना व नंतर योग्य चारा. क्रम मोडला की चांगलं औषधही अपाय करतं.

प्रोबायोटिकच्या पुडीनं झालेली हानी भरून काढता येते, असंही अनेकांना वाटतं. या पुड्या माणसाच्या किंवा गुरांच्या आतड्यासाठी बनवलेल्या असतात. त्यांतले मोजके जिवाणू सदतीस अंशांच्या आसपास सुखी असतात. कासवाच्या आतड्यात चोथा आंबवणाऱ्या शेकडो प्रकारच्या जिवाणूंची जागा ते भरू शकत नाहीत. वस्ती पुन्हा उभी राहायला हवी असेल, तर तिला लागतं ते द्यायला हवं : हरळी, रानगवत, फड्या निवडुंग, जास्वंदीची पानं-फुलं, ऊन आणि वेळ. यात विकण्यासारखं फारसं काही नाही, म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही.

या प्रश्नाला घराबाहेरची बाजूही आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू बहुधा कोणतीही तक्रार न करता राहतात, माणसाच्या पोटात मात्र गोंधळ घालतात. लहान मुलं छोटी कासवं तोंडाशी नेतात म्हणून अमेरिकेनं १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. मग लुइझियानातल्या कासव-उत्पादकांनी निर्यातीसाठी निर्जंतुक पिल्लं तयार करायची म्हणून अंडी जेंटामायसिनच्या द्रावणात बुडवायला सुरुवात केली. साल्मोनेला काही संपला नाही. जेंटामायसिनला दाद न देणारा साल्मोनेला मात्र तयार झाला आणि कासवांबरोबर देशोदेशी गेला. आतडं ‘स्वच्छ’ करण्याच्या हट्टाचा याहून स्पष्ट निकाल कोणता हवा? आज आपल्या शहरांतल्या मत्स्यालयांच्या दुकानांत मिळणारं लाल कानाचं कासव हे त्याच व्यापाराचं अपत्य आहे.

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतानं १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ अनुसूची लागू केली. सेफ्टाझिडिमसह त्यातली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं जपायची, असा तो नियम. २०१९ साली कोलिस्टिन हे औषध कोंबड्या-जनावरांसाठी वापरायला बंदी झाली. कासवाला दिलेला पाव तुकडा या हिशेबात क्षुल्लक वाटेल. पण चिठ्ठीविना औषध घेण्याची सवय प्राणी पाहून बदलत नाही. ज्या घरात कासवाला उरलेली गोळी दिली जाते, त्याच घरात ती तापलेल्या पोरालाही दिली जाते.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ च्या दुरुस्तीनं स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आलं, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर २०१९ सालीच सर्वात कडक बंदी आली. ते घरी ठेवणं गुन्हा आहे. तरीही ते घराघरांत पोचतं, कारण पुरवठा प्रचंड आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं आंध्र-कर्नाटकाकडच्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवं उचलली जातात असा अंदाज मांडला. परदेशी इग्वाना, बॉल पायथन यांच्यासाठी २०२४ पासून नोंदणीचे नियम आहेत. बेकायदा प्राणी बाळगणारा माणूस पशुवैद्याकडे जायला घाबरतो आणि मेडिकलकडे वळतो. म्हणजे तस्करी आणि चुकीचं औषध ही एकाच धंद्याची दोन टोकं आहेत. काही जण म्हणतील, पाळणंच गुन्हा असेल तर उपचारांची चर्चा कशाला? कारण गुन्हा माणसाचा आहे आणि पोट कासवाचं. तपासात सुटका झालेले प्राणीही शेवटी कुणातरी डॉक्टरच्या टेबलावर येतात, आणि तिथंही क्रम तोच पाळावा लागतो.

आपल्या भागातल्या सापांनाही हा धडा लागू आहे. नागपंचमीला नागाला दूध पाजण्याची प्रथा आपल्याला जुनी. गारुड्याच्या टोपलीत दिवसेंदिवस तहानलेला नाग समोर येईल तो द्रव पितो, म्हणून तो दूध प्यायला असं दिसतं. ते त्याला पचत नाही, श्वसनमार्गात गेलं तर जिवावर बेततं. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या पूजेवर मुंबई उच्च न्यायालयानं निर्बंध आणले, ते या छळाकडे पाहूनच. आज गावोगावचे सर्पमित्र जीव धोक्यात घालून साप वाचवतात, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पकडलेला साप प्लास्टिकच्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवणं, माशाच्या जाळ्यात कापलेल्या सापावर हाताशी असेल ते इंजेक्शन मारून तसाच थंडीत ठेवणं, हे थांबायला हवं. बिनजखमेचा साप त्याच दिवशी, पकडल्या जागेजवळ सोडावा. जखमी असेल तर आधी ऊब, पाणी आणि डॉक्टर.

कोल्हापूरचा पश्चिम भाग सरपटणाऱ्या प्राण्यांनी किती श्रीमंत आहे, याची साक्ष २००९ साली वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेल्या एका पालीच्या नावातच आहे : निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. या मुलखातल्या प्राण्यांची आतडी इथल्याच मातीच्या जिवाणूंनी घडलेली आहेत. म्हणून नकोसं झालेलं स्टार कासव किंवा लाल कानाचं कासव कुंभीच्या पाण्यात वा गगनगडाच्या रानात सोडून देणं हा सुटकेचा मार्ग नाही. एक तर ते मरेल, नाही तर आपल्यासोबतचे जंतू आणि औषधांना सरावलेले जिवाणू इथल्या प्राण्यांना देऊन जाईल. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते सोपवणं हाच मार्ग. आपण होऊन प्राणी सोपवणाऱ्याशी समजुतीनं वागलं जाईल असं वनखात्यानं जाहीरपणे सांगावं, म्हणजे भीतीपोटी होणारी औषधबाजी कमी होईल.

पशुवैद्यांकडून अपेक्षा ठेवताना त्यांची अडचणही पाहिली पाहिजे. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हशीची अडलेली प्रसूती, शेळ्यांचं लसीकरण, कोंबड्यांची साथ यांत बुडालेला असतो. कासवाचं आतडं त्याच्या शिक्षणात ओझरतंच येतं. पुण्याजवळ बावधनला आणि नागपूरला सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांची उपचार केंद्रं उभी राहिली, तिथं हे ज्ञान साचत आहे. ते शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पश्चिम महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुका दवाखान्यापर्यंत पोचवायला मोठी यंत्रणा लागत नाही. लागतो एक पानी मराठी तक्ता : कोणत्या जातीला किती ऊब, कोणता चारा, कोणतं औषध कधीच नाही, नमुना कसा घ्यायचा, कुणाला फोन करायचा. आणि लागते एक पेटी, जिच्यात उष्णतेचा दिवा आणि तापमापक असेल. गगनबावड्याच्या पावसात या पेटीची किंमत औषधांच्या कपाटाहून जास्त आहे.

प्राण्यावर प्रेम करणाऱ्याला काहीतरी ‘देण्याची’ घाई असते : फळ, दूध, गोळी, सुई. सरपटणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत प्रेमाची परीक्षा उलटी आहे. आपण त्याच्यापासून काय हिरावलं ते आधी ओळखायचं आणि ते परत करायचं. पुष्कळदा तेवढ्यानंच पोट ताळ्यावर येतं. जिथं येत नाही तिथं औषध द्यावंच, पण जाणकाराच्या हातून आणि नेमकं. आणि ज्या प्राण्याला त्याची हवा-माती आपण कधीच परत करू शकणार नाही, तो प्राणी मुळात घरात आणायचा नाही. पोटाच्या आजारांवर याहून खात्रीचा प्रतिबंध कुठल्याही औषधशास्त्राकडे नाही.